एकाच गिऱ्हाइकाचं पीक: कुकडी खोऱ्यातल्या तीन एकर वाइन द्राक्षांचं प्रकरण

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुन्नर तालुका आहे. हे प्रकरण तिथल्या एका बागायतदार कुटुंबाचं आहे, २००६ ते २०१५ या काळातलं. मी तेव्हा एका बँकेत शेतीकर्जाचं काम बघत होतो आणि या कुटुंबाची फाइल माझ्याच टेबलावर होती, त्यामुळे मी इथे नुसता बघ्या नाही. गाव, बँक, द्राक्षं घेणारी कंपनी यांची नावं मुद्दाम काढली आहेत. कंपनी जिल्ह्याबाहेरची होती एवढंच सांगतो. आकडे त्यांच्या घरच्या वहीतले आणि माझ्या फाइलीतले आहेत, थोडे गोळाबेरीज केलेले.

खोरं

कुकडीचा उगम नाणेघाटाच्या अंगाला, पूर नावाच्या गावी आहे. तिथे कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. पावसाळ्यात तिथे उभं राहिलं तर पलीकडचा माणूस दिसत नाही इतकं धुकं आणि पाऊस. तिथून नदी पूर्वेला निघते आणि चाळीसेक किलोमीटरांत चित्र पार बदलतं. नारायणगाव ओलांडून पुढे गेलात की पाऊस मोजूनमापून पडतो, आणि एखाद्या वर्षी मोजण्याइतकाही नसतो.

हा फरक भरून काढायला कुकडी प्रकल्प झाला. माणिकडोह आणि येडगाव ही धरणं कुकडीवर, वडज मीनेवर, डिंभे घोडवर आणि पाचवं पिंपळगाव जोगे. येडगावातून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातो. म्हणजे धरणं इथली आणि पाण्याकडे डोळे लावून बसलेले तीन जिल्ह्यांतले. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, किती दिवस चालणार, यावर दर वर्षी बैठका आणि भांडणं ठरलेली. जुन्नरच्या शेतकऱ्याला कालव्याची तारीख पंचांगातल्या तारखेपेक्षा जास्त पाठ असते.

जमीन दोन तऱ्हेची. नदीकाठची काळी, खोल, उसाला आणि कांद्याला चांगली. वर माळाला मुरमाड, उथळ, पाणी न धरणारी. द्राक्षाला ही दुसरी मानवते. मुळं कुजत नाहीत आणि ठिबकनं पाणी हवं तेवढंच देता येतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी ऊन चांगलं असतं. मण्याला रंग आणि गोडी यायला याहून वेगळं काही लागत नाही.

या वाटेवरून परदेशी दारू दोन हजार वर्षांपूर्वीही जात असणार, असं मला आपलं वाटतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात वाइन आहे, आणि इटलीची जास्त पसंत असंही लिहिलं आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातून जुन्नरला चढणारी वाट नाणेघाटाची. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. ही माणसं इथे राहिली, दान देण्याइतकी रमली. ती पाणीच पीत असतील असं मानायला माझं मन तयार होत नाही. असो.

आजच्या वाइनचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा. १९८०च्या दशकात नारायणगाव परिसरात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळती वाइन बनू लागली आणि ती परदेशी जाऊ लागली. त्यामुळे कॅबरने, शिराझ ही वाइनच्या द्राक्षांची नावं इथल्या काही शेतकऱ्यांच्या तोंडी नाशिकच्याही आधी आली. पण तालुक्याचं खरं द्राक्ष खायचं, तेही काळं. आधी शरद सीडलेस, मग जंबो. वाइनचं द्राक्ष हा त्यातला एक कोपरा होता. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. वाइनवरचं उत्पादन शुल्क माफ झालं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क निघाले. तेव्हा त्या कोपऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

कुटुंब आणि करार

नऊ एकरांचं एकत्र कुटुंब. आबा, म्हणजे वडील, माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारे. थोरला शेती बघायचा. धाकटा कृषी पदविका घेऊन आलेला, नव्या गोष्टींचा नाद असलेला. थोरल्या वहिनी बारावी झालेल्या. घरचा सगळा हिशेब त्यांच्या वहीत, आणि ती वही धान्याच्या कोठीवर. चार एकर काळ्या जमिनीत ऊस, टोमॅटो, कांदा. बाकी माळ. त्यातल्या तीन एकरांत पूर्वी बाजरी-मटकीपलीकडे काही होत नव्हतं.

२००६मध्ये धाकट्यानं कंपनीचा माणूस घरी आणला. प्रस्ताव ऐकायला गोड होता. रोपं कंपनी सांगेल त्या रोपवाटिकेतून, डॉगरीज नावाच्या जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलम केलेली. दोन एकर लाल, म्हणजे कॅबरने आणि शिराझ, आणि एक एकर पांढरं शेनिन ब्लाँ. दर ठरलेला: लाल ३२ रुपये किलो, पांढरं २५. एकरी चार-साडेचार टनांपेक्षा जास्त माल घ्यायचा नाही, कारण वेलीवर ओझं वाढलं की रस पातळ होतो. दहा वर्षांचा करार, शंभराच्या स्टॅम्पवर, नोटरी केलेला.

थोरल्याला दरापेक्षा मजुरी जास्त पटली. खायच्या द्राक्षाला मणी फुगायला घड जिबरेलिक ॲसिडमध्ये बुडवा, मग मण्यांची विरळणी करा, त्यासाठी बायांची टोळी दोन-दोन आठवडे शोधत फिरा. वाइनच्या द्राक्षाला यातलं काही नाही. मणी जितका बारीक, साल जितकी जाड, तितकं कंपनीला बरं. भुरी आणि केवड्याच्या फवारण्या मात्र चुकत नाहीत.

आबांनी दोन प्रश्न विचारले. पहिला: "म्हणजे दारूलाच ना?" धाकटा म्हणाला, "आबा, आपण द्राक्षं पिकवणार. पुढं त्याचं काय करायचं ते त्यांचं." आबांनी माळेला हात लावला आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. दुसरा प्रश्न त्यांनी मला विचारला: "साहेब, ह्यांनी नाही नेली तर बाजारात चालंल का ही?" मी हसून म्हणालो, "आबा, करार आहे की." ते हसू मला अजून आठवतं.

कर्ज सहा लाखांचं, सात वर्षांचं, पहिली दोन वर्षं हप्ता नाही. मी फाइलीवर लिहिलं: विक्रीची हमी करारान्वये उपलब्ध. मुदत तपासली, दर तपासला. माल कुणी, कधी तोडायचा, हे ज्या कलमात होतं ते वाचलं, पण त्यात काही खटकलं नाही.

अडचण

पहिलं पीक २००८च्या फेब्रुवारीत आलं. माल वेळेवर गेला, पैसे सहा आठवड्यांत आले. आबांनी त्या वर्षी कॅबरनेचा एक मणी तोंडात टाकला होता. चावला, साल आणि तीन बिया तळहातावर काढल्या आणि म्हणाले, "ही द्राक्षं का जांभळं?" सगळे हसले. त्या तीन बिया म्हणजेच पुढची अडचण होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या वर्षभरात दोन गोष्टी एकदम झाल्या. २००८मध्ये जगभर मंदी आली. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि मोठ्या हॉटेलांतली गर्दी ओसरली. देशातली वाइन मुख्यतः पितात ती मुंबई, दिल्ली, बंगळूर, गोव्यात, आणि त्यातही हॉटेलांत. महाराष्ट्रानं शुल्क माफ केलं तरी दुसऱ्या राज्यात बाटली गेली की तिथला कर वेगळा. इकडे धोरणाच्या जोरावर लागवड वाढत गेली होती. वाइन वर्षातून एकदाच बनते. जानेवारीत नवीन रस यायच्या आत टाक्या रिकाम्या व्हाव्या लागतात. २००९च्या जानेवारीत त्या रिकाम्या नव्हत्या.

तालुक्यात अनेक जण म्हणतात की कंपन्यांनी दर पाडले म्हणून वाइनचं द्राक्ष बुडालं. या कुटुंबाचं पहिलं मोठं नुकसान दरामुळे झालं नाही. दर ठरलेलाच होता. नुकसान झालं ते तोडणीच्या तारखेमुळे.

लाल द्राक्षाची साखर २४ ब्रिक्सच्या (रसातली साखर मोजायचं माप) आसपास आली की तोडायची, असं ठरलेलं. धाकटा रोज पहाटे रिफ्रॅक्टोमीटर घेऊन जायचा. चार ओळींतून मणी घ्यायचे, पिळून काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. ८ फेब्रुवारीला २४ आला. वहिनींच्या वहीत नोंद आहे: "८ तारीख. २४. फोन केला. उद्या सांगतो म्हणाले." मग ११, १४, १९, अशाच नोंदी. करारात लिहिलं होतं की तोडणीचा दिवस कंपनी कळवेल. किती दिवसांत कळवेल, ते नव्हतं.

द्राक्ष वेलीवर थांबलं की त्यातलं पाणी उडतं. साखर वाढत नाही, दाट होते. मणी सुरकुततो. पक्षी येतात आणि मधमाश्याही. दर किलोवर असल्यामुळे उडालेलं प्रत्येक थेंबभर पाणी शेतकऱ्याच्या खिशातून जातं. २७ फेब्रुवारीला ब्रिक्स २७ वर गेला. ३ मार्चला ट्रक आला. ८ फेब्रुवारीला झाडावर अंदाजे साडेआठ टन असलेला लाल माल काट्यावर ६.२ टन भरला. वर कंपनीनं सांगितलं की साखर जास्त आहे, आम्लता कमी आहे, म्हणून किलोमागे पाच रुपये कपात. दोन लाख बहात्तर हजारांचं पीक एक लाख सदुसष्ट हजारांवर आलं. त्यातले निम्मे मे महिन्यात मिळाले, बाकीच्याचे दोन चेक. एक वटला, एक वटायला सप्टेंबर उजाडला.

२००८ची केंद्राची कर्जमाफी यांच्या काही कामाची नव्हती. ती ३१ डिसेंबर २००७ला थकीत असलेल्यांसाठी होती. यांचा तोवर पहिला हप्तासुद्धा आला नव्हता. थोरला एकदा माझ्यासमोर बसून म्हणाला, "वेळेवर भरणारा येडा." मी काही बोललो नाही.

ऑक्टोबर २००९मध्ये गोडी छाटणीची, म्हणजे फळ धरायच्या छाटणीची, वेळ आली. छाटणी केली की फवारण्या, मजुरी, खत, सगळा खर्च पुन्हा सुरू. थोरला म्हणत होता, यंदा फळ धरू नये, नुसता वेल जगवावा. त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, एक वर्ष अजून बघा, बाजार सुधारेल. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात त्यांच्या बाजारापेक्षा माझी थकबाकी होती. पीक नाही म्हणजे हप्ता नाही, आणि मार्चअखेर मला वर उत्तर द्यावं लागलं असतं.

२०१०च्या फेब्रुवारीत कंपनीनं शेनिन उचललं, लाल उचललंच नाही. आधी चौदा रुपये देतो म्हणाले, मग तेही नाही. आठ टन लाल द्राक्षं. थोरल्यानं ओळखीच्या व्यापाऱ्यामार्फत चाळीस क्रेट पुण्याला मार्केट यार्डात पाठवून पाहिले. बारीक मणी, जाड साल, बिया. गुलटेकडीच्या गाळ्यावर कुणी दोनदा हात लावला नाही. बेदाणा करावा तर बियांचा बेदाणा कोण खाणार? रस काढणाऱ्या एकानं सहा रुपयांनी दोन टन नेला. बाकीचा पक्ष्यांनी आणि शेजाऱ्याच्या म्हशींनी खाल्ला.

समोरचे पर्याय

एप्रिल २०१०, खरड छाटणीच्या (फळानंतर नवी काडी वाढवायची उन्हाळी छाटणी) तोंडावर, त्यांच्या ओट्यावर बैठक झाली. आबा, दोघे भाऊ, वहिनी, मी. चार पर्याय निघाले, पण चारांनाही सारखा वेळ मिळाला नाही.

बाग ठेवून दर यायची वाट पाहायची, हा पहिला. तो मांडला मीच आणि पाच मिनिटांत मागे घेतला. वाट पाहायलाही एकरी खर्च होतो.

बाग काढून ऊस लावायचा, हा आबांचा पर्याय. उसाला कारखाना आहे, कमी-जास्त पण नेतो. अडचण जमिनीची आणि पाण्याची होती. मुरमात ऊस पाण्याशिवाय उभा राहत नाही, आणि उन्हाळी आवर्तन लांबलं की विहीर मेमध्ये तळ दाखवते. वर बिबट्या. या तालुक्यात उसातच त्यांची पिल्लं वाढतात. घराला लागून असलेल्या माळावर ऊस नको, असं वहिनींनी स्पष्ट सांगितलं. घरात दोन लहान पोरं होती.

धाकट्याचा पर्याय स्वतःच्या छोट्या वायनरीचा होता. त्यावर तो रात्र-रात्र वाचत होता. परवाना, स्टीलच्या टाक्या, थंड ठेवायची यंत्रणा, बाटल्या, आणि बाटली भरल्यापासून पैसा येईपर्यंतचा काळ. मी विचारलं, "ज्यांच्याकडे हे सगळं आहे त्यांच्याच टाक्या भरलेल्या आहेत, मग आपली बाटली कोण घेणार?" तो चिडला. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, वेळ चूक होती.

चौथा: बाग मुळासकट उपटायची, नवीन रोपं लावून जंबो करायचा. पहिलं पीक यायला दोन-अडीच वर्षं, खर्च सगळा नव्यानं.

पाचवा पर्याय ओट्यावर निघालाच नाही. तो मांजरीला निघाला.

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, १९९७पासून. राज्य द्राक्ष बागायतदार संघाचं ठाणंही तिथलंच. दोघे भाऊ आणि मी एका सकाळी तिथे गेलो. एका शास्त्रज्ञांनी फोटो बघितले, खोडाचा घेर विचारला, माती-पाण्याचा अहवाल चाळला आणि म्हणाले, "खुंट चांगला धरलाय. त्याला कशाला मारता? वरचं डोकं बदला."

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलोक्झेरा नावाच्या मुळावरच्या किडीनं द्राक्षमळे संपवले. तेव्हापासून तिथले वेल अमेरिकी जंगली खुंटांवर कलम करतात. आपल्याकडे खुंट आला तो वेगळ्या कारणानं. पाणी खारवट, जमिनी चोपण, वर दुष्काळ. टेक्सासकडचा डॉगरीज हे सोसतो. म्हणजे वर कॅबरने असो की जंबो, जमिनीखालचं मूळ तेच. चार वर्षांत त्या मुळानं मुरमात खोल घर केलं होतं. उपटलं असतं तर कुटुंबाची सगळ्यात महाग वस्तू बांधावर पडली असती. आणि आमच्यापैकी कुणी तिला वस्तू म्हणून मोजतच नव्हतं. माझ्या फाइलीत तर तिची किंमत शून्य होती.

परतताना हडपसरच्या वाहतुकीत अडकलो तेव्हा थोरला पहिल्यांदा मोकळेपणी बोलला. त्याला भीती जंबोची नव्हती, पुन्हा मजुरांच्या मागे फिरायची होती.

काय केलं

दोन एकर लाल बदलायचं, एक एकर शेनिन ठेवायचं, असं ठरलं. शेनिनला निदान गिऱ्हाईक होतं आणि त्याची वाइन लवकर विकली जाते, टाकी अडवून बसत नाही. धाकट्याचं मनही त्यात थोडं राखलं गेलं. हे कारण कुणी बोलून दाखवलं नाही, पण होतं.

एप्रिलअखेर लाल बागेचं एक-एक खोड कलमाच्या जोडाखाली करवतीनं कापलं. उन्हाळ्यात वेल कापला की मुळांचा जोर वर येतो आणि कापल्या जागेतून पाणी ठिबकतं. दोन एकरांत हजारो बुंधे, आणि प्रत्येकाखाली ओला ठिपका. आबा त्या दिवशी शेताकडे फिरकले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "दारूचं असलं तरी झाड होतं."

मेपासून खुंटाच्या डोळ्यांतून फुटवे आले. त्यातले दोन जोमदार ठेवले, बाकी काढले. ऑगस्ट-सप्टेंबरात कलम भरणारी टोळी आली. जंबोची पक्व काडी, दोन डोळ्यांची, पाचर मारून खुंटाच्या चिरेत बसवायची, वर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. शंभरातली पंधरा-सोळा कलमं फसली, त्या नांग्या पुढच्या वर्षी भरल्या.

खरा ताप लोखंडाचा झाला. वाइनची बाग उभ्या तारांवर, वेल जवळजवळ, दोन ओळींत आठ फूट. जंबोला वाय आकाराचा मांडव लागतो, घड सावलीत लटकायला हवेत. जुने अँगल ठेवून वर आडव्या दांड्या वेल्ड करून घेतल्या. एकाआड एक वेल काढायचा की नाही, यावर दोघा भावांत आठवडाभर अबोला होता. शेवटी अर्ध्या बागेत काढले, अर्ध्यात ठेवले. ठेवलेल्या भागात पुढे दाटी झाली, भुरी वाढली, आणि तिसऱ्या वर्षी तेही काढले. एकूण खर्च दोन लाख चाळीस हजार. अस्तरीकरण केलेलं शेततळं वेगळं, त्याला अनुदान मिळालं. जंबोला वाइनपेक्षा जास्त पाणी लागतं आणि कालव्याच्या भरवशावर ते जमणार नव्हतं.

बँकेकडून मी कर्जाचं पुनर्गठन मागितलं. वरच्या कार्यालयातून प्रश्न आला: ज्या पिकासाठी कर्ज दिलं ते पीकच उरलं नाही, मग तारण काय? मी मांजरीच्या शास्त्रज्ञांचं खुंटाबद्दलचं पत्र जोडलं. तीन महिने गेले, पण झालं.

शेनिनसाठी दुसरी कंपनी शोधली. या वेळी करार वहिनींनी वाचला. वही उघडून २००९च्या फेब्रुवारीच्या नोंदी कंपनीच्या माणसापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "ठरलेली साखर आली आणि आम्ही कळवलं, की पाच दिवसांत तोडा. नाही तोडलं तर त्या दिवशीचा अंदाज धरून पैसे." घासाघीस होऊन सात दिवसांवर आलं. अंदाज कोण काढणार, यावर आणखी तासभर गेला. दोन्ही बाजूंचा एक-एक माणूस, वीस वेलींचे घड मोजून. दर आधीपेक्षा एक रुपया कमी मिळाला. ते त्यांनी मान्य केलं.

परिणाम

२०१२च्या फेब्रुवारीत जंबोचं पहिलं पीक: दोन एकरांत नऊ टन, जागेवर ४५ रुपये. पुढच्या वर्षी सतरा टन. खर्चही तसाच वाढला. विरळणीची मजुरीच वाइनच्या बागेच्या सगळ्या खर्चाइतकी. थोरल्याची भीती खरी होती. जानेवारीत तो घरी जेवायला नसतो, टोळीच्या मुकादमाच्या दारात असतो.

आणि गिऱ्हाइकं पुष्कळ असली की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. २०१३मध्ये एका व्यापाऱ्यानं शेवटचा तीन टन माल नेला, संध्याकाळी पैसे देतो म्हणाला आणि फोन बंद केला. सव्वा लाख गेले. त्यानंतर काट्यावरच रोख, असा नियम केला. फरक एवढाच की त्या वर्षी उरलेला चौदा टन माल दुसऱ्या व्यापाऱ्यांकडे आधीच गेलेला होता.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात ठिकठिकाणी गारपीट झाली. यांची दीड एकराची तोडणी आधीच उरकली होती, अर्धा एकर सापडला. मणी फुटले, विमा नव्हता. शेनिन तेव्हा टाक्यांत पोहोचलेलं होतं, सातव्या दिवशी ट्रक येऊन गेला होता. सात दिवसांचं ते कलम एकदाच वापरावं लागलं, २०१३ला. नवव्या दिवशी ट्रक आला, आणि वीस वेलींवर काढलेल्या अंदाजानं पैसे मिळाले.

कर्ज २०१५मध्ये फिटलं, मूळ मुदतीपेक्षा दोन वर्षं उशिरा. आधीच्या कंपनीकडे अकरा हजार अजून अडकलेत. वहिनींच्या वहीत ते दर वर्षी नव्या पानावर उतरवले जातात.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवातीला तीनऐवजी एक एकर. हे सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. पण त्यात माझा वाटा होता. एक एकराचं कर्ज छोटं आणि बँकेला छोट्या फाइलीचा कंटाळा. प्रस्ताव तीन एकरांचा व्हावा, असं मीच सुचवलं होतं.

करारात दराच्या कलमावर आम्ही दोन तास घातले, तोडणीच्या कलमावर दोन मिनिटंही नाही. नाशवंत मालात तारीख हाच दर असतो. ज्याच्या हातात तारीख, त्याच्या हातात वजन. आज कुणी कराराची शेती घेऊन माझ्याकडे आलं तर मी आधी ते पान उघडतो.

२००९च्या फेब्रुवारीत, आठव्या-दहाव्या दिवशी, त्यांनी तोडून मोकळं व्हायला हवं होतं का? धाकटा अजून म्हणतो, हो. मला नाही वाटत. तोडून ठेवायचं कुठे? शीतगृहात खायची द्राक्षं टिकतात कारण त्यांना तसंच विकायचं असतं. वाइनच्या द्राक्षांना टाकीशिवाय जागाच नव्हती. लेखी नोटीस मात्र द्यायला हवी होती. सगळे फोन तोंडी, पुरावा फक्त वहिनींची वही.

ऑक्टोबर २००९चा सल्ला माझा, आणि तो चुकला. थोरल्याचं ऐकून फळ धरलं नसतं, तेव्हाच खोड कापण्याची तयारी केली असती, तर एक हंगाम आणि साधारण सव्वा लाखाचा खर्च वाचला असता. मांजरीला आम्ही एप्रिलमध्ये गेलो, नोव्हेंबरात जाऊ शकलो असतो. तालुक्यात नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे तर तासाभरात पोहोचलो असतो. बँकेत बसून मी बाजाराबद्दल बोलत होतो आणि वेलीबद्दल ज्यांना कळतं त्यांना विचारत नव्हतो.

आबांचा प्रश्न, "बाजारात चालंल का ही", फाइलीत कुठे लिहायला रकाना नव्हता. नंतर मी माझ्यापुरता एक केला. अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायचो: दुसरा घेणारा कोण? पुष्कळ अर्जांवर तो रकाना रिकामा राहिला. त्यातल्या काहींना मी तरीही कर्ज दिलं.

आजची स्थिती

२०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्या रात्री धाकट्याचा फोन आला. आवाजात तोच जुना उत्साह. विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही, आणि फोनही पुन्हा आला नाही.

आबा आता नाहीत. जंबो चालू आहे. शेनिनचा एकर अजून उभा आहे, वेल जुने झालेत, उत्पादन साडेतीन टनांवर आलंय. थोरला म्हणतो काढू, धाकटा म्हणतो कलम बदलू, वहिनी म्हणतात कंपनी सात दिवसांत माल नेतेय तोवर कशाला हात लावायचा. गेल्या खेपेला गेलो तेव्हा ठरलं होतं की यंदाच्या खरड छाटणीआधी निकाल लावायचा. त्याआधीच्या वर्षीही तेच ठरलं होतं.